चाल कुठाय यात? एनेस्कूचा चेलो आणि आपले कान

रविवारी सकाळी पोह्यांच्या बशा हातात घेऊन आम्ही पाच जण माझ्या पुण्यातल्या घरी बसलो होतो. उसन्या स्पीकरवर जॉर्ज एनेस्कू या रोमानियन संगीतकाराचा चेलो (व्हायोलिनचं मोठं, खर्जातलं भावंड) आणि पियानोसाठी लिहिलेला दुसरा सोनाटा चालू होता. चौथ्या मिनिटाला शेजारच्या काकांनी बशी खाली ठेवली. "वाजवतोय झकास, पण चाल कुठाय यात?" भाचीने मोबाईलमधून डोकं वर न काढता ‘सॅड आहे’ एवढाच शेरा मारला. मित्र डोळे मिटून बसला होता. त्याची तंद्री लागली होती की झोप, ते शेवटपर्यंत कळलं नाही. आणि मावशी, जिने तीस वर्षं गाण्याच्या क्लासात पेटीची साथ केली, ती लिंबू पिळता पिळता म्हणाली, "पेटीवाला बरोबर चाललाय गवयाच्या मागे."

तिथे ना पेटी होती, ना गवई. तरी त्या खोलीत सगळ्यांत नेमकं मावशीच बोलली होती. ते कसं, हे सांगण्यासाठी हा लेख.

२०२५ साली एनेस्कूच्या निधनाला ७० वर्षं झाली. त्याच्या नावाचा मोठा महोत्सव बुखारेस्टमध्ये भरतो, त्यामुळे त्या वर्षी त्याचं नाव बऱ्याच जणांच्या कानावर पडलं. त्यांतल्या पुष्कळांची गत काकांसारखी झाली असणार. आधी ऑर्केस्ट्राची एखादी नाचरी, झणझणीत रचना सापडते. मग उत्साहाने चेलोकडे वळावं, तर हा कोणी दुसराच माणूस असावा असं वाटतं.

## आधी माणूस कोण, ते बघू

एनेस्कूचा जन्म १८८१ चा, रोमानियाच्या ईशान्येकडच्या मोल्दाविया भागातल्या लिवेनी नावाच्या खेड्यातला. व्हायोलिनचे पहिले धडे त्याला एका लाउताराने दिले. लाउतार म्हणजे लग्नाकार्यात वाजवणारा पिढीजात वादक. यांतले बहुतेक रोमा, म्हणजे जिप्सी समाजातले. नोटेशनशी संबंध नाही, सगळं कानाने. सातव्या वर्षी पोराला व्हिएन्नाच्या संगीतशाळेत घातलं आणि तेराव्या-चौदाव्या वर्षी तो पॅरिसला पोचला. तिथे मास्ने आणि फोरे हे फ्रेंच संगीतकार त्याचे गुरू, पुढे स्वतः नावाजलेला संगीतकार झालेला मोरिस राव्हेल वर्गमित्र.

पुढे तो जगभर गाजला तो व्हायोलिनवादक म्हणून. पियानोही अव्वल वाजवायचा, ऑर्केस्ट्रा चालवायचा, शिकवायचा. त्याचा सर्वांत प्रसिद्ध शिष्य व्हायोलिनवादक येहुदी मेन्युहिन, आणि या मेन्युहिनचा आपल्याशी थेट धागा आहे. १९५२ साली तो भारतात आला तेव्हा त्याला भेटायला बी. के. एस. अय्यंगार पुण्याहून मुंबईला गेले होते. पुढे मेन्युहिनच त्यांना युरोपात घेऊन गेला. पुण्याचा योग जगभर पोचला त्यात एनेस्कूच्या चेल्याचा असा वाटा आहे.

रोमानियात एनेस्कू किती मोठा? तिथल्या पाच लेउच्या नोटेवर त्याचा चेहरा आहे. गंमत अशी, की त्याची सर्वांत लोकप्रिय रचना, १९०१ ची पहिली रोमानियन रॅप्सडी (लोकगीतांवर बेतलेली, ऑर्केस्ट्राची मोकळ्या घाटाची रचना), ज्या लोकगीताने सुरू होते त्याचा अर्थ ‘माझ्याकडे एक लेउ आहे आणि तो मला पिऊन टाकायचाय’ असा आहे.

## सोनाटा हे काय प्रकरण असतं?

सोनाटा म्हणजे एक-दोन वाद्यांसाठी लिहिलेली, तीन-चार भागांची मोठी रचना. त्यातला पहिला भाग बहुतेक वेळा ठरावीक घाटाचा असतो: एक-दोन कल्पना मांडायच्या, त्या उलगडायच्या, ताणायच्या, दूरदूर फिरवून आणायच्या आणि शेवटी मूळ कल्पनेवर परतायचं.

नारदीय कीर्तन ऐकलं असेल तर हा घाट ओळखीचा वाटेल. बुवा अभंग घेतात, त्याचं निरूपण करतात, उत्तररंगात आख्यान लावतात, आणि अखेर त्याच अभंगावर येतात. परत येताना अभंग तोच असतो, पण मधल्या तासाभरात ऐकणारा बदललेला असतो.

एनेस्कूने चेलो-पियानोचे असे दोन सोनाटा लिहिले, दोन्ही चार-चार भागांचे.

चेलो आपल्याला अगदीच परका नाही. मुंबईच्या फिल्मी ऑर्केस्ट्रात गोव्याच्या वादकांनी तो वर्षानुवर्षं वाजवला. जुन्या गाण्यांत व्हायोलिनच्या खाली जो घोगरा, ऊबदार आवाज असतो, तो त्याचा. गाणाऱ्यांच्या भाषेत सांगायचं तर पांढरी एकचा सा धरला, की चेलोच्या चार मोकळ्या तारा लागतात मंद्र सा, मंद्र प, मध्य रे आणि मध्य ध अशा. म्हणजे पुरुषाच्या गळ्याचा बहुतेक सगळा मुलूख. चेलो गातोय असं ऐकणाऱ्याला चटकन वाटतं, त्यामागे हे साधं कारण आहे. शिवाय तारेवर बोट सरकवता येतं, म्हणजे मींड निघते. पियानोवर ती निघत नाही.

## एकच क्रमांक, दोन वेगळी माणसं

गोंधळाचं पहिलं कारण निव्वळ कारकुनी आहे. पाश्चात्त्य संगीतात रचनांना ओपस नावाचा क्रमांक असतो. जावक नोंदवहीतल्या नंबरासारखं समजा. एनेस्कूचे दोन्ही चेलो सोनाटा ओपस २६ आहेत. त्यामुळे ते एकाच अल्बमवर पाठोपाठ येतात आणि ते एकाच काळातले असणार असं आपण धरून चालतो.

प्रत्यक्षात पहिला १८९८ चा आहे, दुसरा १९३५ चा. पहिला लिहिणारा पोरगा जेमतेम १७ वर्षांचा, दुसरा लिहिणारा गृहस्थ ५४ चा. एकाच लखोट्यात कॉलेजात लिहिलेलं पत्र आणि पन्नाशीतलं मृत्युपत्र सापडावं तसं झालं.

पहिला ऐकणारे बहुतेक म्हणतात, "हा तर ब्राह्म्स!" ते चुकत नाहीत. व्हिएन्नात शिकताना या पोराने ब्राह्म्स या म्हाताऱ्या जर्मन संगीतकाराला जवळून पाहिलं होतं आणि त्याचं संगीत त्याच्या हातात भिनलं होतं. जड पियानो, भरदार चेलो, लांबलचक विस्तार. माझं मत विचाराल तर त्याला कात्री लागायला हवी होती. सतराव्या वर्षी सगळं येतं, थांबणं येत नाही. पण यात चाल शोधायला लागत नाही. ती समोर येऊन उभी राहते.

दुसरा सोनाटा त्याने विख्यात चेलोवादक पाब्लो कासाल्स यांना अर्पण केला. काकांची बशी खाली ठेवायला लावली ती यानेच.

## मग दुसऱ्यात चाल गेली कुठे?

चाल आहे, पण आपण तिला जिथे शोधतो तिथे ती नाही. आपण अख्खी ओळ शोधतो: सुरुवात, मध्य, शेवट, मग पुन्हा तीच, म्हणजे आपल्याला मनात धरून ठेवता यावी. पन्नाशीतला एनेस्कू ओळी देत नाही. तो तीन-चार सुरांचा तुकडा देतो. तो परत येतो तेव्हा एक सूर खाली सरकलेला असतो, किंवा लांबलेला, किंवा पियानोच्या डाव्या हातात दडलेला. अगदी तस्साच बहुधा पुन्हा येत नाही.

ख्याल ऐकणाऱ्याला हे विचित्र वाटायला नको. आलापात गवई ‘ग म रे सा’ या एवढ्याशा जागेवर दहा मिनिटं राहतो. दर वेळी वेगळ्या बाजूने येतो, एकदा कण लावून, एकदा लांबवून, एकदा नुसता स्पर्श करून. तिथे ‘चाल कुठाय’ असं कोणी विचारत नाही, कारण आलापात चालीची वाट बघायची नसते हे आपल्याला लहानपणापासून माहीत असतं. बंदिशीची अपेक्षा ठेवून आलाप ऐकला तर तोही रटाळ वाटेल. काकांचं नेमकं हेच झालं.

हे एनेस्कूने हवेतून आणलं नाही. रोमानियात दोइना नावाचा गाण्याचा एक जुना प्रकार आहे; २००९ साली युनेस्कोने त्याला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. दोइना एकट्याने गायची असते, तिला ठेक्याचं बंधन नसतं, गाणारा सूर हवा तेवढा ओढतो आणि अलंकार गाता गाता सुचतील तसे येतात. तिच्यातल्या भावनेला रोमानियन भाषेत ‘दोर’ म्हणतात. मराठीत सर्वांत जवळचा शब्द हुरहूर. भाचीचं ‘सॅड आहे’ तितकंसं चूक नव्हतं, फक्त हुरहुरीत दुःखाबरोबर थोडं सुखही असतं.

वीस वर्षांच्या एनेस्कूने रॅप्सडीत लोकगीतं जशीच्या तशी घेतली आणि ऑर्केस्ट्राचे दागिने घातले. ती लगेच आवडतात. पण त्यांच्या लोकप्रियतेखाली आपलं बाकीचं काम झाकलं गेलं, हे त्याला जन्मभर सलत राहिलं. नंतर त्याने लोकगीत उचलणं सोडलं आणि लोकगीत गाणाऱ्याची बोलण्याची तऱ्हा उचलली. १९२६ च्या तिसऱ्या व्हायोलिन सोनाटाला त्याने रोमानियन लोकसंगीताच्या ‘स्वभावाचा’ म्हटलं. ‘शैली’ हा शब्द त्याने मुद्दाम टाळला: शैली वरून चढवता येते, स्वभाव मुळातच असावा लागतो. दुसरा चेलो सोनाटा त्याच वाटेवरचा आहे. शेवटच्या भागाच्या शीर्षकातच ‘रोमानियन धाटणीचा’ असं लिहिलंय, पण त्यातली चाल कोणत्या गावच्या गाण्याची म्हणून शोधायला गेलात तर हाती काही लागणार नाही.

## पेटीवाला गवयाच्या मागे का चालतो?

आता मावशीकडे येऊ. तिला जे ऐकू आलं त्याला शास्त्रात हेटेरोफनी असं भारदस्त नाव आहे. अर्थ साधा: एकच चाल दोन किंवा जास्त जणांनी एकाच वेळी, पण प्रत्येकाने आपापल्या तऱ्हेने म्हणणं.

गणपतीतली सोसायटीची आरती डोळ्यांसमोर आणा. चाळीस माणसं ‘सुखकर्ता दुखहर्ता’ म्हणतायत. चाल एकच. पण जोशी आजोबा अर्धी मात्रा मागे, कोणी ‘दर्शनमात्रे’ला हरकत घेतंय, पोरं पुढे पळतायत, एक ताई सगळ्यांच्या वरच्या पट्टीत. कोणी चुकत नाहीये, आणि या सगळ्या घसरणीतूनच आरतीचा तो जाड, भरलेला आवाज तयार होतो. सगळे तंतोतंत एकत्र म्हणायला लागले तर ती शाळेची प्रार्थना होईल.

युरोपच्या शास्त्रीय संगीताचा रिवाज वेगळा. तिथे एक जण चाल वाजवतो आणि दुसरा खाली हार्मनी, म्हणजे सुरांच्या जोड्यांचा आधार, देतो. किंवा दोघं दोन स्वतंत्र चाली एकमेकींत विणतात. दोघांनी तीच चाल किंचित मागेपुढे म्हणणं हा तिथल्या कानाला गचाळपणा वाटू शकतो. एनेस्कूने नेमकं तेच पाश्चात्त्य वाद्यांवर आणलं. दुसऱ्या सोनाटात जागोजागी चेलो काही म्हणतो आणि पियानो तेच किंचित उशिरा, एखादा सूर गाळून, एखादा घालून म्हणतो. पियानोवर मींड निघत नाही म्हणून तो ती छोट्या कणसुरांनी आणि पेडलच्या घुमाऱ्याने सुचवतो.

आपल्याकडे पेटी हेच करते. तिच्यावरही मींड निघत नाही. आकाशवाणीने १९४० पासून १९७१ पर्यंत तिला दाराबाहेर ठेवलं होतं, त्यामागचं हे एक कारण. तरी अप्पा जळगावकरांसारखा साथीदार गवयाची जागा अशी उचलायचा, की न निघणारी मींड निघाल्याचा भास व्हायचा. मावशी जन्मभर हेच करत आली. तिला एनेस्कूचं नाव ठाऊक नव्हतं, पण काम ठाऊक होतं.

## ‘कानाला गोड लागत नाही’ म्हणजे कान कच्चे?

नाही. हा आक्षेप मी गंभीरपणे घेतो, कारण ‘तुम्हाला कळत नाही’ असं सांगून लोकांना हुसकावण्याची खोड शास्त्रीय संगीताच्या मंडळींना जगभर आहे.

कोणते सूर एकत्र गोड लागतात हे निसर्गाने ठरवून दिलंय असं आपल्याला वाटतं. २०१६ साली ‘नेचर’ या नियतकालिकात एक अभ्यास आला. बोलिव्हियाच्या जंगलातल्या त्सिमाने लोकांना संशोधकांनी दोन प्रकारच्या सुरांच्या जोड्या ऐकवल्या: आपण गोड म्हणतो त्या आणि कर्कश म्हणतो त्या. त्यांना दोन्ही सारख्याच बऱ्या वाटल्या. पाश्चात्त्य संगीताशी त्यांचा फारसा संबंध आलेला नव्हता. म्हणजे गोडव्याचा बराचसा भाग आपण लहानपणापासून ऐकून शिकतो, भाषेसारखा.

शिकलेल्या गोष्टी वाढवता येतात. पण न वाढवण्याचा अधिकारही आहेच. काकांना कारलं आवडत नाही म्हणून त्यांची जीभ कच्ची ठरत नाही.

## चौथ्यांदा ऐकून आवडलं, तर ती नुसती सवय नाही का?

हा प्रश्न मित्राने विचारला. (म्हणजे तो झोपला नव्हता.) १९६८ साली रॉबर्ट झायोन्स या मानसशास्त्रज्ञाने दाखवून दिलं, की निरर्थक शब्द किंवा चिनी लिपीसारखी चिन्हंसुद्धा वारंवार समोर आली की माणसांना बरी वाटू लागतात. जाहिरातवाल्यांचं पोट यावरच चालतं. मग एनेस्कू आवडणं आणि साबणाची जिंगल आवडणं यात फरक काय?

फरक दुसऱ्या टोकाला दिसतो. फार सोपी गोष्ट लवकर आवडते आणि लवकर विटते. फार गुंतागुंतीची आधी दूर लोटते, आणि मध्ये कुठेतरी प्रत्येकाची आवडीची जागा असते. डॅनियल बर्लाइन या मानसशास्त्रज्ञाने ही कल्पना मांडली. ऐकून ऐकून ती जागा सरकते. जिंगल विसाव्या वेळी डोक्यात जाते. दुसऱ्या सोनाटात विसाव्या वेळी मला पियानोच्या डाव्या हातातला तो तुकडा पहिल्यांदा ऐकू आला. म्हणजे आवडीबरोबर ऐकू येणारा ऐवजही वाढत होता. नुसत्या सवयीने तो वाढत नाही.

पण एक खरं: पहिल्याच वेळी चीड आली असेल तर पुन्हा पुन्हा कानावर मारून ती जाईलच असं नाही, उलट वाढू शकते. भाचीवर मी तो प्रयोग केलेला नाही.

## म्हणजे हे आपल्या रागसंगीतासारखंच की!

इथे ब्रेक लावायला हवा. आलाप, मींड, साथ या उपमा मी दार उघडायला वापरल्या. त्यांच्यासह आत शिरून मुक्काम करू नये. एनेस्कूत राग नाही. आपला सा तानपुरा धरून ठेवतो. इथे पायाखालचा सा सारखा हलत असतो आणि ते हलणं हा रचनेचा मोठा भाग आहे. दुसरं, यातलं काहीही उत्स्फूर्त नाही. आयत्या वेळी सुचल्यासारखं वाटणारं सगळं कागदावर आहे, आणि बारकाईने आहे. उतारवयातल्या एनेस्कूच्या पानांवर सुरासुराला सूचना असतात: इथे गजाचा दाब कमी, इथे किंचित घाई, इथे आवाज जणू दुरून. दुसऱ्या सोनाटाच्या तिसऱ्या भागाच्या डोक्यावरची सूचना बघा: गाण्यासारखं वाजवा, पण रेंगाळू नका. ज्या माणसाने स्वतः लाउताराकडून कानाने शिक्षण घेतलं, त्याने लाउताराचं न लिहिता येणारं सगळं लिहायचा हट्ट धरला.

याचा ताप वादकांना होतो. सगळ्या सूचना पाळल्या तर वाजवणं सरकारी फॉर्म भरल्यासारखं वाटतं. सोडून दिल्या तर नुसतं गोड, ढिसाळ काहीतरी उरतं. त्यातून पियानो ताकदीचा आणि चेलो खालच्या पट्टीत मृदू. पियानोवाल्याचा हात जरा जड पडला की चेलो बुडालाच. ‘काही कळलं नाही’ अशी तक्रार कधीकधी रचनेची नसते, त्या दिवशीच्या तोलाची असते. एक रेकॉर्डिंग नाही आवडलं तर दुसरं लावून बघा. अर्ध्या तासाचा सौदा आहे.

## ऐकायचंच असेल तर

क्रमाने जाऊ नका. दोन्ही सोनाटा मिळून तासाभराचा ऐवज आहे. पहिल्याच्या पहिल्या सुरापासून बसलात तर दुसऱ्यापर्यंत पोचणार नाही. आधी रॅप्सडी, तोंड गोड करायला. मग थेट दुसऱ्या सोनाटाचा तिसरा भाग, आणि तिथे फक्त पियानो ऐका. चेलो आपोआप ऐकू येईल. हाच अनुभव व्हायोलिनवर हवा असेल तर तिसऱ्या व्हायोलिन सोनाटाचं १९४३ चं रेकॉर्डिंग आहे, स्वतः एनेस्कू व्हायोलिनवर आणि दिनू लिपात्ती पियानोवर. आवाज जुना आहे, खरखर आहे, पण साथ कशी करतात ते मावशीला त्यातून मिनिटभरात कळलं.

त्यानंतरच्या रविवारी काकांनी येऊन रॅप्सडी लावायला सांगितली, दोनदा ऐकली आणि खूष होऊन गेले. मावशीला मी पहिला सोनाटा ऐकवला. तिने तो पूर्ण ऐकला आणि मग म्हणाली, "हा पोरगा पेटीवाल्याला फार बोलायला देतो. दुसऱ्यात सुधारलाय."